मोठ्यांच्या एडीएचडीच्या गोळ्या अमेरिकेत इतक्या का वाढल्या?

गोकर्णी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका रिटेल फार्मसीत फार्मासिस्ट आहे. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडते.

ॲडरॉल, व्हायव्हान्स, रिटालिन, कॉन्सर्टा ही एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची, उत्तेजक औषधं. मी कामाला लागले तेव्हा ती बहुतेक शाळकरी मुलांच्या नावाने यायची आणि न्यायला आई किंवा बाबा यायचे. आता काउंटरपलीकडे उभं असलेलं माणूस स्वतःसाठीच आलेलं असतं. तिशी-चाळिशीचं, गळ्यात ऑफिसचा बिल्ला, आणि निम्म्याहून जास्त वेळा ती बाई असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही औषधं अमेरिकेच्या नियंत्रित औषधांच्या यादीत शेड्यूल टूमधली, म्हणजे कायद्याच्या नजरेत मॉर्फिन-ऑक्सिकोडोनच्या पंगतीतली. कुलूपबंद कपाटातून बाटली काढायची, ट्रेवर चपट्या पट्टीने पाच-पाच गोळ्या सरकवत मोजायच्या, मग पुन्हा मोजायच्या, उरलेला साठा नोंदीशी ताडायचा. रिफिल, म्हणजे जुन्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध, हा प्रकारच नाही, प्रत्येक वेळी नवं प्रिस्क्रिप्शन लागतं.

सीडीसीने, म्हणजे इथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२३ मध्ये नोकरीतून विमा मिळणाऱ्या लोकांची आकडेवारी दिली होती. २०१६ मध्ये त्यातल्या ३.६ टक्के लोकांनी वर्षात एकदा तरी असं औषध घेतलं होतं, २०२१ मध्ये ४.१ टक्के. आणि २०२० ते २०२१ या एका वर्षात १५ ते ४४ वयाच्या बायकांमध्ये आणि २५ ते ४४ वयाच्या पुरुषांमध्ये वाढ १० टक्क्यांहून जास्त.

माझा प्रश्न असा, की ही वाढ म्हणजे वर्षानुवर्षं निदानच न झालेली माणसं अखेर डॉक्टरांपर्यंत पोचली, की फोनवरून गोळी मिळणं सोपं झालं? मला दोन्ही दिसतं. पण दुसऱ्या गटाची शिक्षा पहिला गट भोगतोय हेही रोज दिसतं. तुमच्या आसपास काय चित्र आहे? भारतातल्या लोकांनीही जरूर लिहा.

जुना पेठकर, पुणे

धागा चांगला काढलात. माझं मत स्पष्ट लिहितो. दिवसभर खिशात वाजणारा फोन, उघड्या हॉलमधलं ऑफिस, रात्री एकपर्यंत स्क्रीन, पाच तास झोप. अशा माणसाचं लक्ष लागत नाही यात मेंदूचा काय दोष? परिस्थिती आजारी आहे आणि औषध माणसाला देताय. माझा भाचा टेक्सासला आहे. त्याच्या टीममध्ये तिघे या गोळ्या घेतात, आणि तिघांचं काम दोघांनी करायचं असा त्यांच्या मॅनेजरचा हिशोब असतो. गोळी नसती तर निदान कुणीतरी म्हणालं असतं की हे काम माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

चहाबिस्कीट

पेठकर काकांना +१. वाचतोय.

अबोली, सॅन होजे

गोकर्णी, तुमच्या काउंटरपलीकडची बाई म्हणजे मीच समजा.

शाळेत मी हुशार होते. दहावीला चांगले मार्क, बारावीला चांगले मार्क, प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा: हुशार आहे पण धांदरट. घरात मी वेंधळी म्हणून प्रसिद्ध. आई परीक्षेच्या आदल्या रात्री माझं हॉलतिकीट स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची. ती होती म्हणून निभावलं हे तेव्हा कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. लग्न झालं, इथे आले, नोकरी, मग दोन मुलं. आता पर्स माझी आणि हॉलतिकिटं सगळ्यांची. बँकेत पैसे असून बिलं थकायची, लेट फी भरायची. डबा भरता भरता वॉशिंग मशीनकडे जायचे, तिथून आलेली टपाल उघडायला, आणि मुलगा बस सुटल्यावर रिकामा डबा हातात घेऊन उभा.

सदतिसाव्या वर्षी मुलाच्या तपासणीच्या वेळी त्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुमची कधी केली का? मग रीतसर झालं. दोन लांब भेटी, नवऱ्याशी बोलणं, आईकडून जुनी प्रगतिपुस्तकं फोटो काढून मागवली.

औषध घेतल्यावर काय होतं? ढगात वगैरे काही गेले नाही. पहिल्या दिवशी डबा भरायला घेतला आणि तो भरूनच झाला. झाकण लागलं. एवढंच.

पेठकर काका, माझी प्रगतिपुस्तकं मोबाइलच्या आधीची आहेत.

रानमेवा

अबोली, शेवटचं वाक्य पटलं. माझ्या बहिणीची हीच गोष्ट, फक्त ती जळगावात आहे आणि तिला आजही सगळे "लक्षच नसतं हिचं" म्हणतात.

कृष्णाकाठ, सांगली

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सांगलीत प्रॅक्टिस करतो. दोन्ही बाजूंवर लिहितो.

अबोली यांचं निदान जसं झालं तसंच व्हायला हवं. मोठ्या माणसात एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं बालपणापासून हवीत. जुन्या निकषांत ती सात वर्षांच्या आत दिसायला हवी होती. २०१३ मध्ये डीएसएमची, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाची, पाचवी आवृत्ती आली तेव्हा ही मर्यादा बारा वर्षं झाली, आणि सतरा वर्षांपुढच्यांसाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली. वाढीचं एक कारण इथे आहे. वर्गात गोंधळ घालणारा मुलगा लगेच डोळ्यांत भरतो, खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी भरत नाही. या मुली आता चाळिशीत माझ्यासमोर येतात, अनेकदा नैराश्याचं किंवा चिंतेचं औषध वर्षानुवर्षं घेऊन.

आता पेठकरांची बाजू. लक्ष न लागणं हे तापासारखं लक्षण आहे, कारणं पन्नास. थायरॉइड, घोरण्यातून होणारा स्लीप ॲप्निया, नैराश्य, दारू, नुसती अपुरी झोप. बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार, असलेल्या माणसाला नुसतं उत्तेजक औषध दिलं तर उन्माद उसळू शकतो. हे सगळं चाळायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर ते होत नाही. सहा प्रश्नांची जी स्व-चाचणी इंटरनेटवर फिरते ती फक्त पुढे तपासायचं की नाही हे ठरवण्यासाठी आहे, तिच्यावर गोळी लिहायची नसते.

भारताचं: ॲम्फेटामिन गटातलं औषध, म्हणजे ॲडरॉल किंवा व्हायव्हान्स, आपल्याकडे मिळत नाही. मेथिलफेनिडेट, म्हणजे रिटालिन-कॉन्सर्टातलं औषध, मिळतं, पण ते शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत. दुकानदाराला वेगळा परवाना, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, एक प्रत त्याने दोन वर्षं जपायची. शिवाय एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा डोक्यावर. एवढी कटकट लहान गावातला केमिस्ट कशाला घेईल? माझे काही पेशंट कोल्हापूरला किंवा पुण्याला जाऊन आणतात. त्यामुळे आम्ही बऱ्याचदा ॲटोमॉक्सेटिनपासून सुरुवात करतो. ते उत्तेजक नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

अमेरिकेत अतिरेक असेल. आमच्याकडे उलटा प्रश्न आहे.

तुळशीवृंदावन

ब्राह्मी, शंखपुष्पी याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्या सासूबाई नातवंडांना रोज द्यायच्या.

कृष्णाकाठ, सांगली

ताई, ब्राह्मीवर स्मरणशक्तीच्या संदर्भात छोटे अभ्यास झालेत. पण ज्याच्या नोकरीवर गदा आली आहे, गाडी चालवताना लक्ष उडून अपघात होत आहेत, त्याला मी ब्राह्मीवर सोडणार नाही. सोबत घेत असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा. आयुर्वेदिक आहे म्हणून पेशंट सांगत नाहीत, आणि मग बाकीची औषधं ठरवताना आमची पंचाईत होते.

चहाबिस्कीट

उत्तेजकावर बंदी घालायची झाली तर मुंबईच्या लोकलने उतरणाऱ्यांचा कटिंग आधी जप्त करावा लागेल. :)

जुनी पानं, ठाणे

इतिहासात थोडं मागे जाऊ. ॲम्फेटामिन पहिल्यांदा तयार केलं लाझार एदेलेआनू या रोमानियन रसायनशास्त्रज्ञाने, १८८७ मध्ये, बर्लिनमध्ये. त्याचं काय करायचं हे पुढे चाळीसेक वर्षं कुणालाच कळलं नाही. १९३० च्या दशकात ते बेन्झेड्रीन नावाने चोंदलेल्या नाकासाठी इनहेलर म्हणून विकायला लागलं. १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी ते वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांना दिलं आणि मुलं अभ्यासात रमली, शांत झाली. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी जागं राहायला या गोळ्या वाटल्या.

मेथिलफेनिडेट १९४४ चं, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझोन यांचं. बायको मार्गरीट टेनिस खेळायच्या आधी ते घ्यायची असं सांगतात. तिचं लाडाचं नाव रीटा, म्हणून औषध रिटालिन.

या धाग्याशी जोडणारा भाग पुढे आहे. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत हे औषध मुख्यतः मोठी माणसंच घेत होती, वजन उतरवायला आणि मरगळ घालवायला. गृहिणींना सर्रास लिहून दिलं जायचं. त्याचा इतका सुळसुळाट झाला की १९७१ मध्ये ॲम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट दोन्ही शेड्यूल टूमध्ये टाकली गेली आणि उत्पादनावर सरकारी कोटा बसला. आजचं ॲडरॉल ज्यातून आलं ते मिश्रण तेव्हा ओबेट्रॉल नावाने वजनाची गोळी म्हणून विकलं जात होतं. १९९६ मध्ये त्याचं बदललेलं रूप नव्या नावाने एडीएचडीसाठी आलं.

म्हणजे मोठ्या माणसांमधली ही पहिली लाट नाही, दुसरी आहे. पहिल्या लाटेत निदानाची भानगडच नव्हती. आता निदान आहे, पण काही ठिकाणी ते शिक्क्यापुरतंच उरलंय.

गोकर्णी, न्यू जर्सी

जुनी पानं, सुंदर प्रतिसाद. ओबेट्रॉलचं माझ्या सहकाऱ्यांनाही माहीत नसतं.

टपरीवरचा, पुणे

भारतात एडीएचडीची गोळी सहज मिळत नाही म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर परीक्षेच्या आठवड्यात मोडाफिनिल फिरायचं. ते मुळात नार्कोलेप्सीचं, म्हणजे अवेळी झोप येण्याच्या आजाराचं औषध. कुणीतरी स्ट्रिप आणायचा, चहाच्या टपरीवर दोन-दोन गोळ्या कापून वाटल्या जायच्या. रात्रभर जागून मुलं नोट्सना चार रंगांत हायलाइट करायची. पेपर बघितला की कळायचं, पाठांतर भरपूर आणि गणित चुकलेलं.

यावर २०२३ मध्ये मेलबर्न आणि केंब्रिजच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात. चाळीस निरोगी माणसांना वेगवेगळ्या वेळी मेथिलफेनिडेट, डेक्स्ट्रोॲम्फेटामिन, मोडाफिनिल किंवा निव्वळ खोटी गोळी दिली आणि पोत्यात मावेल तेवढाच, पण सर्वांत किमती माल भरायचं कोडं सोडवायला लावलं. गोळी घेतलेल्यांनी वेळ जास्त घालवला, चाली जास्त केल्या, पण चालींचा दर्जा घसरला. खोट्या गोळीवर ज्यांची कामगिरी सरासरीहून चांगली होती, ती मंडळी औषधावर अनेकदा सरासरीखाली गेली.

म्हणजे ज्याला आजार नाही त्याला मेहनत केल्यासारखं वाटतं, आणि खरंच तो जास्त धडपडतो, पण उत्तर सुधारत नाही. हे प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावायला हवं.

जुना पेठकर, पुणे

मी म्हणत होतो ते हेच. माझ्या भाच्याच्या टीमला पाठवतो.

अबोली, सॅन होजे

काका, तो अभ्यास निरोगी लोकांवर होता. दोन गोष्टी एकत्र करू नका, ही हात जोडून विनंती.

लेकीची आई, शिकागो

माझी मुलगी कॉलेजात आहे, तिला नववीपासून निदान आहे. डॉर्ममध्ये तिने औषध घेतं हे सांगायचं नाही, असं मी तिला बजावून पाठवलंय. सांगितलं की फायनल्सच्या आधी मैत्रिणी येतात, एकच दे, पैसे देते. शेड्यूल टूची गोळी दुसऱ्याला देणं हा संघराज्य कायद्याने गुन्हा आहे, मैत्रिणीला फुकट दिली तरी. आपल्या मुलांना हे माहीत नसतं. आपल्या घरांत क्रोसिन शेजाऱ्याला देतो तसं त्यांना वाटतं.

दुसरी भीती त्याहून मोठी. मैत्रिणीकडून मिळाली नाही तर मुलं स्नॅपचॅटवर कुणाकडून तरी घेतात. ती गोळी हुबेहूब ॲडरॉलसारखी दिसते, रंग तोच, छाप तोच, आणि आत मेथॲम्फेटामिन किंवा फेंटानिल हे अतिशय जहाल ओपिऑइड (अफूसारखं औषध) असतं. एका गोळीत मुलं गेली आहेत. आमच्या घरी कुलपाची छोटी पेटी आणली आणि ती डॉर्मवर दिली. ज्यांची मुलं यंदा कॉलेजला जाणार आहेत त्यांनी हे आजच बोला.

टेम्सकाठी, लंडन

इकडचं चित्र वेगळं. इथे ऑनलाइन झटपट गोळीपेक्षा रांगेचा प्रश्न. माझ्या नवऱ्याचं नाव एनएचएसच्या (सरकारी आरोग्य सेवेच्या) यादीत घातलं तेव्हा आमच्या भागात प्रतीक्षा वर्षांत मोजली जात होती. शेवटी खासगीत तपासणी केली, भरपूर पाउंड गेले, आणि मग जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, सांगितलं की खासगी निदानावर आम्ही पुढचं प्रिस्क्रिप्शन देणार नाही. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये सगळ्या देशात औषधांचा तुटवडा जाहीर झाला. नव्या पेशंटना औषध सुरूच करू नका अशा सूचना गेल्या.

पन्नाशीपार, नागपूर

रक्तदाबाचं काय? माझे मोठे भाऊ ५६ वर्षांचे, अटलांटाला असतात, बीपीची गोळी चालू आहे आणि आता त्यांना हेही सुरू केलंय. वहिनी घाबरल्या आहेत. जाणकारांनी सांगावं.

कृष्णाकाठ, सांगली

वहिनींची काळजी रास्त आहे. ही औषधं नाडी आणि रक्तदाब थोडे वाढवतात. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात बरीच वर्षं औषध घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि धमन्यांचे विकार जास्त आढळले. त्याच देशातल्या २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात निदानानंतर औषध सुरू केलेल्यांमध्ये एकूण मृत्यू कमी दिसले, विशेषतः अपघात आणि विषबाधेसारख्या कारणांचे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, म्हणून तराजू प्रत्येक माणसाचा वेगळा.

भावांसाठी: सुरू करण्याआधी आणि डोस वाढवताना दर वेळी बीपी-नाडी मोजली का, घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार होता का हे विचारलं का, हृदयाच्या डॉक्टरांना कळवलंय का. आणि डोस किती आहे ते बघा. बोस्टनजवळच्या मॅकलीन हॉस्पिटलच्या २०२४ च्या अभ्यासात ॲम्फेटामिनच्या चढ्या डोसवर, ॲडरॉलच्या हिशोबात दिवसाला ४० मिलिग्रॅम किंवा जास्त, भ्रम किंवा उन्मादाचा धोका पाचपटीहून अधिक होता. मेथिलफेनिडेटवर तसं दिसलं नाही. ५६ व्या वर्षी प्रथमच सुरू करताना घाई नको. थोडक्यातून चढायचं, गरज असेल तिथेच थांबायचं.

पन्नाशीपार, नागपूर

मनापासून आभार डॉक्टर. वहिनींना आत्ताच फोन करतो.

दोन्ही घरं

अवांतर: डिसेंबरात आम्ही पुण्याला येतोय, बायकोचं ॲडरॉल सोबत आणता येतं का? जाताना टोकियोमार्गे तिकीट स्वस्त आहे.

गोकर्णी, न्यू जर्सी

टोकियोमार्गे अजिबात नको. जपानमध्ये ॲडरॉल नेणंच बेकायदा आहे, अमेरिकन डॉक्टरचं पत्र असलं तरी. तिथे विमान चुकलं आणि बाहेर पडावं लागलं तर केवढ्याला पडेल. दुबईमार्गे जाऊन तिथे उतरणार असाल तर नियंत्रित औषधांसाठी आधी त्यांच्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. भारतासाठी: फार्मसीचं लेबल असलेली मूळ बाटली, मुक्कामापुरत्याच गोळ्या, डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र, सगळं हातातल्या बॅगेत. गोळ्या आठवड्याच्या रंगीत डबीत ओतून आणू नका. आणि निघण्याआधी भारतीय वकिलातीकडे लेखी विचारून घ्या, कारण हे औषध तिथे बाजारात नाही.

सांजवात, ऑस्टिन

मूळ प्रश्नाकडे येते. ऑनलाइन कंपन्यांबद्दल. २००८ चा रायन हाइट कायदा असं सांगत होता की अशी औषधं लिहिण्याआधी डॉक्टरने पेशंटला निदान एकदा प्रत्यक्ष बघायला हवं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ही अट उठवली आणि मग सवलत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. त्या काळात फोनवर जाहिरातींचा नुसता मारा होता. किल्ल्या विसरता? कामं पुढे ढकलता? मग बटण दाबा. मी एका कंपनीकडे काही महिने नर्स प्रॅक्टिशनर (औषध लिहून देऊ शकणारी नर्स) म्हणून काम केलं, नाव लिहीत नाही. पहिल्या भेटीला अर्धा तास. त्यातच निदान, त्यातच प्रिस्क्रिप्शन. "याला आधी झोपेची तपासणी हवी" असं लिहिलं की वरून विचारणा यायची. मी सोडलं.

जून २०२४ मध्ये डन नावाच्या कंपनीच्या संस्थापिकेला आणि वैद्यकीय प्रमुखाला अटक झाली. चार कोटींहून जास्त गोळ्या वाटल्याचा सरकारी पक्षाचा आरोप. त्याच दिवशी सीडीसीने डॉक्टरांना इशारा दिला की यामुळे तीस ते पन्नास हजार पेशंटचं औषध अचानक तुटू शकतं. त्यांच्यातले सगळे काही खोटे नव्हते. माझ्याकडच्या पेशंटमधली एक ट्रकचालकाची बायको, खेड्यात राहणारी, सर्वांत जवळचा मानसोपचारतज्ज्ञ तीन तासांवर. तिच्यासाठी व्हिडिओ कॉल हाच डॉक्टर होता. कंपनी बंद पडली तर तिने कुठे जायचं?

म्हणून मला टेलिहेल्थ बंद करा हे मान्य नाही. भेटीला पुरेसा वेळ, नाही म्हणण्याची मोकळीक, आणि पगार प्रिस्क्रिप्शनच्या संख्येला न बांधलेला. एवढं केलं तर फोनवरूनही नीट उपचार होतात.

रानमेवा

सांजवात, हे लिहिल्याबद्दल धन्यवाद. आतून कुणी बोलत नाही.

जुना पेठकर, पुणे

सांजवात यांचा प्रतिसाद वाचून माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. २०२५ मध्ये जामा सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यासही बघा. ही औषधं घेणाऱ्या १८ ते ६४ वयाच्या अमेरिकनांमध्ये चौघांतला एक गैरवापर करतो, ९ टक्क्यांना व्यसन म्हणावं अशी अवस्था. चौघांत एक! कोणत्या दुसऱ्या औषधाला हे चालवून घेतलं असतं?

गोकर्णी, न्यू जर्सी

काका, आकडा बरोबर आहे, २५.३ टक्के. पण त्यात दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक, स्वतःचं प्रिस्क्रिप्शन नसताना दुसऱ्याची गोळी घेणारी, म्हणजे लेकीच्या आईंनी लिहिलेल्या डॉर्ममधल्या मैत्रिणी. दोन, स्वतःचं औषध सांगितल्यापेक्षा जास्त किंवा वेगळ्या कारणासाठी घेणारी. मी तो आकडा हलका लेखत नाही. काउंटरवर मलाही दिसतं, बावीस दिवसांनी येऊन "गोळ्या हरवल्या" म्हणणारे. राज्याच्या नोंदणी यंत्रणेत बघितलं की दुसऱ्या फार्मसीतून घेतलेलं दिसतं, आणि मी नाही म्हणते.

पण दुसरा आकडाही घ्या. सीडीसीच्या ऑक्टोबर २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख अमेरिकन प्रौढांना एडीएचडीचं निदान होतं, म्हणजे ६ टक्के. त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते अठरा वर्षांनंतर मिळालं. आणि वर्षभरात उत्तेजक औषध घेतलेले सुमारे एक तृतीयांशच. म्हणजे निदान झालं की गोळी चिकटवली, हे चित्र सरसकट खरं नाही. निदान झालेल्या बहुतेकांकडे ही गोळी नाहीच.

आणि जे घेतात त्यांच्यातल्या ७१.५ टक्के लोकांना औषध उपलब्ध नाही म्हणून अडचण आली. मला चीड येते ती इथे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) ॲडरॉलचा तुटवडा जाहीर केला. लोक म्हणाले, सरकारी कोटा कमी. ऑगस्ट २०२३ मध्ये एफडीए आणि डीईए (नियंत्रित औषधांचा कोटा ठरवणारी सरकारी संस्था) यांनी संयुक्त पत्रात सांगितलं की २०२२ मध्ये कंपन्यांनी मंजूर कोट्याच्या सुमारे ७० टक्केच माल विकला, एक अब्ज डोस बनवायची मुभा असून बनवले किंवा पाठवलेच नाहीत. कंपन्या डीईएकडे बोट दाखवतात, डीईए कंपन्यांकडे. त्यात ओपिऑइडच्या, म्हणजे ऑक्सिकोडोनसारख्या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांच्या, खटल्यांमधल्या तडजोडीनंतर घाऊक वितरक प्रत्येक फार्मसीच्या नियंत्रित औषधांवर बारीक लक्ष ठेवतात. नेहमीपेक्षा जास्त मागवलं की ऑर्डर अडते. शेजारची फार्मसी रिकामी झाली म्हणून तिचे पेशंट माझ्याकडे आले, तर मी त्यांच्यासाठी जास्त मागवू शकत नाही.

मग होतं काय? खोटं बोलणाऱ्याकडे दुसरी वाट असते, तो स्नॅपचॅटवर जातो. अबोलीसारखी बाई मात्र जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून दहा फार्मसींना फोन करते. ज्या कामात तिला सर्वांत जास्त अडचण आहे, म्हणजे फोन, याद्या, पाठपुरावा, नेमकं तेच तिच्याकडून करून घेतल्याशिवाय औषध मिळत नाही. आणि आम्हाला फोनवर साठा सांगायचीही बऱ्याच ठिकाणी बंदी, दरोड्याच्या भीतीने.

काका, परिस्थिती आजारी आहे हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त त्या आजाराची किंमत या बाईने का मोजायची?

जुना पेठकर, पुणे

तिने मोजू नये. तरीही भाच्याच्या मॅनेजरबद्दलचं माझं मत कायम आहे. आठ तासांत न मावणारं काम गोळीने मावायला लागलं तर उद्या ते सगळ्यांकडूनच मागतील. यावर कुणीच लिहिलं नाही.

अबोली, सॅन होजे

यावर मी लिहिते, कारण हे मात्र खरं आहे. माझ्या ऑफिसात एकाने मला सहज विचारलं, तुझ्या डॉक्टरचा नंबर देशील का, क्वार्टर जड जातंय. त्याला आजार नव्हता, डेडलाइन होती. मी नंबर दिला नाही, आणि मॅनेजरला टीममध्ये एक माणूस वाढवून मागणारी मेल आम्ही दोघांनी मिळून लिहिली. उत्तर अजून यायचंय.

जुना पेठकर, पुणे

हे उत्तम केलंत.

सिंहगड वारी

मी आजवर फक्त वाचनमात्र होतो, पहिलाच प्रतिसाद. महिन्यापूर्वी डॅलसमध्ये निदान झालं, वय ४४. व्हायव्हान्सचं जेनेरिक लिहून दिलंय. माझ्या फार्मसीत नाही, प्रिस्क्रिप्शन तिथे अडकलंय, डॉक्टरांचं ऑफिस फोन उचलत नाही. काय करू?

गोकर्णी, न्यू जर्सी

घाबरू नका, क्रमाने करा. प्रिस्क्रिप्शन इलेक्ट्रॉनिक आहे आणि अजून एकही गोळी दिलेली नाही ना? मग ऑगस्ट २०२३ पासून नियम बदललाय. तुम्ही मागणी केलीत तर फार्मासिस्ट ते एकदा, फक्त एकदाच, दुसऱ्या फार्मसीकडे पाठवू शकतो, डॉक्टरांकडे परत न जाता. सगळ्या काउंटरवर हे माहीत नसतं, म्हणून "शेड्यूल टूचं इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन पहिल्या फिलसाठी ट्रान्सफर करा" असं स्पष्ट सांगा. टेक्सासचे स्वतःचे नियम काय आहेत तेही तिथेच विचारा. पण ही एकच संधी आहे, म्हणून आधी दुसऱ्या दुकानात स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून, तुमच्या ताकदीची कॅप्सूल खरंच आहे का याची खात्री करा. साखळी दुकानांत नसेल तर स्वतंत्र, एकट्या मालकाच्या फार्मसीत विचारा. त्यांचे पुरवठादार वेगळे असतात.

पूर्ण तीस नसतील तर आहेत तेवढ्या मागा. उरलेल्या प्रिस्क्रिप्शन लिहिल्याच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत त्याच फार्मसीतून घेता येतात. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की ती ताकद मिळाली नाही तर पर्याय काय, म्हणजे दर महिन्याला ही पळापळ होणार नाही.

सिंहगड वारी

स्क्रीनशॉट काढून ठेवला. उद्या सकाळी आधी फार्मसीत जातो.

अबोली, सॅन होजे

सिंहगड वारी, जाताना नाश्ता करून जा. आणि कॅप्सूल मिळाली की सकाळीच घ्या, दुपारनंतर घेतलीत तर रात्रभर छताकडे बघत बसाल. काही अडलं तर इथेच लिहा, आम्ही आहोत.